घंटी वाजवली तर रागावतात, नाही वाजवली तर दचकतात. करावं काय?

वसमतरोडची_सायकलवाली, परभणी

मंडळी, आमच्या घरात यावरून रोज चहाच्या वेळी वाद होतोय, म्हणून इथं विचारते.

मी सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर सायकल चालवते. लेडीज सायकल, पुढं टोपली, साडीगार्डसकट. वेग बारा-पंधराच्या वर जात नाही, मागून वारं असेल तर गोष्ट वेगळी. परभणी न पाहिलेल्यांसाठी सांगते: काळ्या कमानीतून आत आलं की झाडं, दोन्ही अंगाला शेतं आणि गाड्या कमी. त्यामुळं उन्हाळ्यात पाचपासून आणि थंडीत जरा उजाडल्यावर निम्मं गाव तिथंच असतं. चालणारे, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, दुधाचे कॅन लावलेले सायकलवाले, स्कुटी शिकणाऱ्या मुली आणि मी. सगळे एकाच डांबरी पट्टीवर.

आता अडचण. आमची ज्येष्ठ मंडळी चौघं-चौघं एका ओळीत चालतात. विषय पेन्शन, गुडघे आणि जावई. मागून घंटी वाजवली की दोघं डावीकडं सरतात, एक उजवीकडं आणि चौथे जागेवरच थांबून मागं वळून बघतात. म्हणजे आधी जेवढी जागा होती तेवढीही उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत माकडटोप्या चढल्या की लांबून घंटी ऐकूच जात नाही, जवळ गेल्यावर ऐकू जाते आणि मग दचकतात. एका आजोबांनी थांबवून सुनावलं, "बाई, घंटी काय वाजवता, आम्ही म्हशी आहोत का?" दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारून न वाजवता हळूच गेले, तर म्हणाले, "अहो, निदान घंटी तरी वाजवा!"

आमचे हे म्हणतात, पायी माणसाला घंटी वाजवणं उद्धटपणाच, मागं मागं चालव आणि वाट बघ. सासरे स्वतः माकडटोपीवाल्यांपैकी. ते म्हणतात, लांबून वाजव. किती लांबून, ते त्यांनाही सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे रविवारचे ग्रुप. चकचकीत कपडे, वाकडी हँडलं, "साइड! साइड!" ओरडत सुसाट जातात. परवा एक मावशी दचकून कडेच्या चारीत बसल्या. लागलं नाही नशिबानं. पण त्यानंतर सगळ्या सायकलवाल्यांकडं लोक त्याच नजरेनं बघायलेत, माझ्या टोपलीकडंसुद्धा.

तर घंटी कधी, किती वेळा, कोणत्या बाजूनं जायचं, आणि लोक उलट्या बाजूनं येत असतील तर काय? अनुभवी लोकांनी सांगा. "ज्याची त्याची समज असते" असलं उत्तर नको, ते घरी मिळतंच.

---

देवगिरी_रायडर, छत्रपती संभाजीनगर

ताई, त्या वाकड्या हँडलवाल्यांपैकीच एक बोलतोय, मारू नका.

आमच्याकडं विद्यापीठ आणि लेणीकडचा रस्ता असाच आहे. सकाळी फिरायला गर्दी, त्यातून आम्ही. पण आमची बाजूही ऐका. जालना रोडवर सायकल घेऊन जाऊन बघा एकदा. दौलताबादकडं जावं तर किल्ल्याच्या दरवाजात एका वेळी एकच गाडी मावते आणि मागून बसवाला अंगावर येतो. मग माणूस झाडाखालच्या शांत रस्त्यावर येणारच ना? आणि चौघांनी रस्ताभर ओळ करायची, कानात इअरबड घालायचे आणि दोष फक्त आमचा, हे पटत नाही.

घंटीचं म्हणाल तर माझ्या रोडबाईकला नाहीच. पायडल थांबवलं की मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचा कटकट आवाज येतो, तो पुरतो.

एक मात्र खरं. स्ट्रावा नावाच्या सायकलिंगच्या अ‍ॅपवर असल्या रस्त्यांचे सेगमेंट, म्हणजे वेळ मोजायचे तुकडे, बनवतात आणि मग काही जण तिथं नंबर लावायला पळवतात. आमच्या ग्रुपात ठरलंय की पडेगाव-मिटमिटा मागं पडेपर्यंत गप्पा मारत जायचं, जोर त्यापुढं. सगळे पाळतात असं नाही.

---

लातूरची_माई

मी चालणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते, कारण इथं सगळे सायकलवालेच बोलतील.

दादा, तुमचा तो कटकट आवाज आम्हाला ऐकू येत नाही. माझ्या उजव्या कानाला मशीन आहे. वारं सुटलं की मशीनमध्ये नुसता घोंघाट होतो. आणि दचकण्याचं तुम्हाला हसू येत असेल, पण माझ्या वयाला पडणं म्हणजे खुब्याचं हाड, खुबा म्हणजे ऑपरेशन, आणि नंतर सहा महिने सुनेच्या हातचं पाणी. सायकल लागायलाच पाहिजे असं नाही. नुसतं दचकून पाय वाकडा पडला तरी काम झालं.

चौघी मिळून चालतो कारण पहाटे एकटीला रिंग रोडवर कुत्र्यांची भीती वाटते. हेही लक्षात घ्या.

मला विचाराल तर घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. "काकू, मी येतेय हं" म्हटलं की राग येत नाही. घंटीला चेहरा नसतो.

---

निवृत्त_स्टेअरिंग, गंगाखेड

रामराम. जन्म एसटीच्या स्टेअरिंगवर गेला, आता दोन वर्षांपासून सायकलीवर. पोराची जुनी गिअरवाली आहे, तो पुण्याला गेला. गोदावरीच्या पुलाकडं सकाळी माझी चक्कर असते. म्हणून दोन्हीकडचं थोडं कळतं.

सायकलवाल्या ताई, तुमच्या आजोबांचा म्हशीचा प्रश्न मला आवडला, कारण उत्तर तिथंच आहे. आम्ही नवीन लागलो तेव्हा जुन्या ड्रायव्हरनं पहिली गोष्ट शिकवली ती बैलगाडी ओलांडायची. जवळ जाऊन हॉर्न मारला की बैल बुजतो आणि गाडी बरोबर तुझ्या बोनेटसमोर आडवी येते. म्हणून हॉर्न लांबून, एकदाच, छोटा. गाडीवान मान वळवतो, कासरा ओढतो, बैल कडेला घेतो. मग तू जवळून जाताना गप्प, वेग कमी, आणि पुढं निघून गेल्यावरही एक्सलेटर एकदम दाबायचा नाही. माणसालाही तेच लागू आहे. आवाज सांगण्यासाठी असतो, हाकलण्यासाठी नाही. आमच्या गाडीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्या आवाजात अर्थ असतो, राग नसतो, म्हणून ऐकून कोणी चिडत नाही.

आता किती लांबून. हिशोब सोपा आहे. पंधराच्या वेगानं सायकल सेकंदाला चार मीटरच्या वर जाते. माणूस पाचच्या वेगानं चालतो, म्हणजे दीडपेक्षा जरा कमी. तुम्ही त्याला सेकंदाला पावणेतीन मीटरनं गाठताय. म्हाताऱ्या माणसाला घंटी ऐकू येणं, ती आपल्यासाठी आहे हे कळणं, मान वळवणं आणि कुठं सरकायचं ते ठरवणं, याला चार-पाच सेकंद धरा. म्हणजे बारा-चौदा मीटर नुसते विचारात गेले. म्हणून मी एसटीच्या दोन गाड्या एकामागं एक उभ्या आहेत असं डोळ्यासमोर धरतो, वीस-बावीस मीटर. तिथून पहिली घंटी. एका गाडीच्या अंतरावर आलात आणि कोणी हललं नाही, तर ऐकू गेलेलं नाही असं समजायचं. माकडटोपी दिसत असेल तर नक्कीच नाही. तिथं दुसरी घंटी मारायची नाही. पायडल थांबवायचं, दोन्ही ब्रेकवर बोटं, आणि माईंनी सांगितलं तसं तोंडानं बोलायचं.

बोलायचं काय, हे पण सांगतो, कारण इथं लोक फसतात. "उजवीकडून येतोय" म्हटलं की निम्मे लोक उजवीकडंच उडी मारतात. घाईत माणूस फक्त बाजूचं नाव ऐकतो. "साइड" म्हटलं की कोणती साइड, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मी म्हणतो, "सावकाश येतोय, चालू द्या तुमचं." ते जसे चालायलेत तसेच चालत राहिले की मला जागा कुठं आहे ते कळतं. माणूस न हलता राहिला तर ओलांडायला सगळ्यात सोपा. तुमचे चौथे आजोबा, जे जागेवर थांबून बघतात, ते खरं तर सगळ्यात शहाणे आहेत.

जायचं उजव्या अंगानं, जसं रस्त्यावर ओव्हरटेक करतो तसं. हात लांब केला तरी त्या माणसाला लागणार नाही एवढी जागा सोडून. तेवढी जागा नसेल तर जायचं नाही. मागं राहायचं, बोलायचं, उतरायचं. यात तुमचे यजमान बरोबर आहेत, फक्त घंटीच्या बाबतीत ते चुकतात.

कोणत्या बाजूनं चालावं, यावर दोन मतं आहेत. फूटपाथ नसेल तर पायी माणसानं उजव्या कडेनं चालावं, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं, असं शिकवतात. ते मला पटतं. सायकल डावीकडून येणार, तुम्ही तिच्या समोरून, दोघांची नजरानजर होते आणि घंटीचा प्रश्नच मिटतो. पण सगळं गाव डावीकडून फिरत असेल आणि एकटा माणूस नियम म्हणून उलटा निघाला, तर तो शंभर जणांच्या अंगावर जातो. जिथं जी रीत पडली असेल ती धरा. अर्धे असे, अर्धे तसे, ही सगळ्यात वाईट अवस्था, आणि परभणीत बहुतेक तीच असणार.

आता देवगिरी भाऊ. तुमच्यावर राग नाही, जालना रोडबद्दल तुम्ही खरं बोललात. मी तिथून गाडी नेलेली आहे. पण तीसच्या वेगात सायकल सेकंदाला आठ मीटर जाते. डोळ्यानं पाहून बोट ब्रेकवर दाबेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे एसटीची पाऊण गाडी तुम्ही काहीच न करता ओलांडलीत. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हे कुठल्याही चाकाला लागू आहे. पंधराला जे अंतर दोन-अडीच मीटर होतं ते तीसला आठ-दहा. मध्ये पोरगं आलं तर फ्रीव्हीलची कटकट काय करणार? चढाला पायडल मारताना तर तो आवाज येतही नाही. घंटी चार बोटांएवढी असते, लावा.

आणि ग्रुपची एक गोष्ट ताईंनी लिहिली नाही, पण त्या मावशींचं कदाचित तसंच झालं असेल. पहिला सायकलवाला घंटी मारून जातो. मावशी कडेला सरतात, तो गेला की परत रस्त्यावर येतात. कारण त्यांच्या हिशोबानं सायकल गेली. मागून दुसरा, तिसरा, चौथा येतोय हे त्यांना कोण सांगणार? एसटीत दोन गाड्या लागोपाठ असतील तर पुढचा ड्रायव्हर समोरून येणाऱ्याला हातानं खुणावायचा, मागं अजून आहे. ग्रुपमध्ये पहिल्यानं जाताना सांगायचं, "मागं अजून पाच आहेत." शेवटच्यानं म्हणायचं, "झालं, मी शेवटचा." एकाच ओळीत जायचं, आणि तेही अशा रस्त्यावर चालण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगानं, त्यावर नाही. जोर काढायचा असेल तर परभणीवाल्यांना जिंतूर रोड आहे, गंगाखेड रोड आहे. उसाचा हंगाम असेल तेव्हा तिथंही जपून. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आत कापते, आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. टेपचा आवाज फुल असतो. त्याच्या शेजारी कधीच राहायचं नाही, मागं राहा किंवा पूर्ण पुढं जा.

माईंना एक विनंती. चौघी चाला, एकटं चालू नका. पण दोन-दोनच्या जोड्या करा. कुत्र्याला चारच दिसतात, सायकलला अर्धा रस्ता मिळतो.

---

सेलूचा_सायकलमिस्त्री

गंगाखेडच्या मामांनी सगळं लिहिलं, मी फक्त हत्याराचं सांगतो.

घंटी पितळेच्या वाटीची घ्या, अंगठ्यानं एकदा ओढली की "टिंग" करून आवाज लांबपर्यंत रेंगाळतो. प्लास्टिकची स्वस्तातली खरखरते, ती म्हाताऱ्या कानाला लवकर कळत नाही. बॅटरीवर चालणारे हॉर्न लहान पोरं लावून घेतात, त्यात अँब्युलन्सचा आवाज असतो. मी बसवून देत नाही, पोरं दुसरीकडं जातात, जाऊ द्या.

ब्रेक: आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. म्हणजे उजवा हात दाखवून वळताना तुमच्याकडं फक्त मागचा ब्रेक उरतो, आणि तो एकटा लवकर थांबवत नाही. म्हणून हात दाखवायचा तो वळणाच्या आधी, मग दोन्ही हात हँडलवर आणून वळायचं. पावसात रिमवर दाबणारा ब्रेक पहिले काही क्षण धरतच नाही, आधी रिमवरचं पाणी पुसतो. पावसाळ्यात अंतर वाढवा.

पहाटेचे दिवे: पुढचा पांढरा दिवा खाली, रस्त्यावर पडेल असा वाकवा. लुकलुकणारा दिवा समोरच्याच्या डोळ्यात मारला तर सायकल किती लांब आहे ते त्याला कळत नाही. मागं लाल दिवा लावाच.

आणि ज्या बॅटरीच्या गाड्यांची मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, त्यांना नोंदणी-लायसन लागत नाही. म्हणून त्या असल्या रस्त्यांवर सर्रास येतात. आवाज शून्य, वजन सायकलीच्या कितीतरी पट. त्यांनी तर सायकलवाल्यांपेक्षा जास्त जपायला पाहिजे. एखाद्या पोरानं ती उघडून वेगाचं लॉक काढायला सांगितलं की मी हात जोडतो.

---

देवगिरी_रायडर

मामा, "मी शेवटचा" हे या रविवारपासून ग्रुपात सुरू करतोय. घंटीही मागवली. आमच्या वाकड्या ड्रॉप हँडलला बसेल अशी छोटी असते, मला माहीत नव्हतं असं नाही, लाज वाटायची एवढंच.

पण चालणाऱ्यांच्या इअरबडचं काय ते कोणी बोललं नाही. भरतीवाली पोरं दोन्ही कानात घालून मध्यातून पळतात, आणि पळता पळता न बघता एकदम मागं वळतात.

---

निवृत्त_स्टेअरिंग

बरोबर आहे तुमचं. त्यांना सांगायचं की एक कान मोकळा ठेवा आणि वळायच्या आधी खांद्यावरून मागं बघा. चहाच्या टपरीवर सांगा, पळताना नाही. सगळ्यांचा एखादा वस्ताद असतो, त्याला सांगितलं तर लवकर पोचतं. तोपर्यंत त्यांना बहिरं समजूनच चालवायचं. वेग ज्याचा जास्त, सांभाळायचं त्यानं.

---

वसमतरोडची_सायकलवाली

मामा, तुमचं उत्तर सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन एसटींच्या मापावर ते खूश आहेत, "मी म्हणत नव्हतो का लांबून" असं चारदा म्हणून झालं. यजमानांना "उतरायचं" तेवढं ऐकू आलं.

आज "सावकाश येतेय, चालू द्या तुमचं" म्हणून बघितलं. म्हशीवाल्या आजोबांनी मागं न बघता हात वर केला फक्त. पण त्यांच्या पुढच्या ओळीतल्या एका काकांनी विचारलं, "कोण, पाटलांची सून का?" आणि मला थांबून पाच मिनिटं बोलावं लागलं. याचाही काही उपाय असेल तर सांगा.

आणखी एक राहिलंच. एक जण कुत्रं घेऊन येतात. दोरी अशी लांब की मालक एका कडेला, कुत्रं दुसऱ्या कडेला, मध्ये दोरी, पहाटे ती दिसतही नाही. घंटी वाजवली की कुत्रं माझ्याकडंच येतं.

---

निवृत्त_स्टेअरिंग

ओळखीच्या काकांवर उपाय नाही, दहा मिनिटं लवकर निघा.

कुत्र्याला घंटी नाही. मालकाला हाक मारा, "दोरी आवळा हो," आणि त्यानं दोरी हाताला गुंडाळेपर्यंत पाय टेकवून उभ्या राहा. मग मालकाच्या बाजूनं जा, कुत्र्याच्या नाही, आणि कुत्र्याच्या डोळ्यात बघू नका. दोरीवरून जायचा प्रयत्न तर अजिबात नको. ती पुढच्या चाकात गेली की कुत्रं, तुम्ही आणि मालक तिघंही एका जागी येता. मोकळं कुत्रं मागं लागलं तर सायकल पळवू नका, पळवली की तेही पळतं. उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा आणि चालत पुढं जा, बहुतेक कुत्री तिथंच सोडून देतात. दोरी लखलखीत रंगाची घ्यायला त्या मालकाला सांगा, बाजारात चमकणाऱ्या पट्टीच्याही मिळतात.